घरातला पोल, उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत

पोल डान्ससाठी कोणता पोल घ्यावा असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, घराला छत कशाचं आहे? आपल्याकडे खेड्यात हा प्रश्न आधी येतो. कवेलू असतील, टिनं असतील, धाब्याचं घर असेल, तर छताला दाबून बसणारा पोल डोक्यातून काढून टाका. तो खाली फरशीला आणि वर छताला रेटून उभा राहतो. वर रेटा घ्यायला काही नसेल तर तो उभा राहत नाही, आणि उभा राहिल्यासारखा दिसला तर ते जास्तच वाईट. अशा घरात स्वतःच्या पाटावर उभा राहणारा स्टेज पोल तेवढा चालतो, पण त्याला जागा जास्त लागते, वजन भारी असतं आणि पैसेही बरेच जास्त पडतात.

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातलं, अर्धं कवेलूचं. मागच्या दोन खोल्यांवर सासऱ्यांनी स्लॅब टाकला, तोही गावच्या रिवाजाप्रमाणे उंच, साडेदहा फुटांचा. उन्हाळ्यात उंच खोली थंड राहते हे खरं, पण पोल बनवणाऱ्यांनी अशी घरं डोळ्यासमोर ठेवलेली नाहीत. माझ्या संचाचं माप 2235 ते 2745 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम नऊ फूट. माझा स्लॅब 3200 मिलिमीटरवर. म्हणून अर्ध्या मीटरचा वाढीव तुकडा वेगळा मागवावा लागला. विक्रेत्याने पहिल्यांदा पाव मीटरचा पाठवला, मग फोनवर आठवडा घातला तेव्हा बरोबर तुकडा आला. पार्सल गावापर्यंत येतच नाही, तालुक्याला पडून राहतं. तिथून काळी-पिवळीच्या टपावर बांधून आणलं, आणि ड्रायव्हरने बोअरवेलचे पाईप समजून तेवढंच भाडं लावलं. माप घेताना टेपचं टोक फरशीवर पक्कं दाबा आणि जिथे पोल उभा राहणार त्याच जागी मोजा. आमच्याच खोलीत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत छताच्या उंचीत बोटभर फरक निघाला.

बसवताना मिस्त्रीला बोलावलं ते बरं झालं. त्याने आधी हातोडीच्या दांड्याने छत ठोकून पाहिलं. गिलावा सुटलेला असला की आवाज पोकळ येतो, तिथे पोल लावायचा नाही. आमच्या छतावर चुन्याचे थर होते, बोट फिरवलं की पांढरं होणारे. तेवढी जागा खरवडून, ओल्या फडक्याने पुसून, सुकू दिली. चुन्यावर वरची थाळी ठेवली तर ती भुकटीवर बसते, छतावर नाही. मग ओळंबा सोडून खालचा बिंदू काढला. संचासोबत आलेली छोटी लेवल आणि मिस्त्रीचा ओळंबा यांचं जमेना, आम्ही ओळंब्यावर विश्वास ठेवला. बीमच्या खाली बसवणं सगळ्यात चांगलं, पण आमची थाळी बीमपेक्षा रुंद, म्हणून बीमला लागून स्लॅबखाली घेतला. छताचा पंखा काढावा लागला, कारण पोलभोवती सगळीकडून दीड मीटर मोकळी जागा हवी, आणि डोक्यावर फिरतं पातं असताना उलटं लटकण्यात अर्थ नाही. आता भिंतीशी फर्राटा पंखा असतो.

हाच मिस्त्री म्हणाला होता, "कायले एवढे पैसे घालता वैनी, पाईप लावून देतो." वेल्डिंगवालाही तेच म्हणाला. दोघांचंही मन मोडलं, कारण हिशेब जमत नाही. दोन इंची जीआय पाईपची बाहेरची जाडी साठ मिलिमीटर भरते, मूठच बसत नाही. दीड इंचीची 48.3 आणि सव्वा इंचीची 42.4 भरते. माप जवळ आलं तरी जस्ताचा थर खरबरीत, आतून जोडाची शिवण, आणि फिरणारी यंत्रणा नाहीच. रेलिंगचा चकचकीत स्टेनलेस पाईप दिसतो सुरेख, पण त्याची भिंत पातळ. जिन्याला हात टेकायला बनवलेल्या पाईपवर अंग झोकून द्यायचं नसतं. इंटरनेटवर स्वस्तातले नकली पोलही भरपूर आहेत. पार्टीसाठी, सजावटीसाठी असं काही बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं, किंवा किती वजन पेलतो ते लिहिलेलंच नसलं, की पुढे वाचू नका. ब्रिटनचा एक्स-पोल, स्लोव्हेनियाचा ल्युपिट ही या धंद्यातली जुनी नावं. मी घेतलेल्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पोल चांगला आहे आणि विक्रेता तसा नाही. खर्च म्हणाल तर एखादी चालू जुनी मोटारसायकल दारात उभी राहिली असती.

जाडी 45 मिलिमीटर घेतली. स्पर्धांमध्ये हेच माप चालतं, आणि शिकवणीचे बहुतेक व्हिडिओ यावरच असतात. पूर्वी 50 चे पोल जास्त असायचे. फारच लहान हात असेल तर 40 चा मिळतो. माझा हात मध्यम, अंगठा आणि मधलं बोट जवळजवळ भेटतात, ते मला पुरे आहे. पोल फिरता आणि स्थिर असा दोन्ही वापरता येणारा घ्या, पण सुरुवातीला स्थिरच ठेवा. फिरत्या पोलवर आपण काही करायच्या आत तोच आपल्याला फिरवतो, आणि दोन फेऱ्यांत पोटातला चहा वर येतो.

मी शाळेत असताना अमरावतीला थोडा मल्लखांब केलेला. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने जर्मनीत देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. त्यामुळे त्या शहरात पोरगी खांबावर चढली तर कोणी वळून पाहत नाही. मल्लखांब येतो म्हणजे पोल आलाच, असं मात्र नाही. मल्लखांब सागाचा किंवा शिसवाचा, खाली जाड आणि वर निमुळता, त्याला मांड्यांनी आणि काखेने कवेत घ्यायचं असतं. पोल वरपासून खालपर्यंत एकसारखा, बराचसा भार मुठीवर आणि कोपरापुढच्या हातावर येतो. मल्लखांबाला एरंडेल चोळतात, इथे तेलाचा थेंब लागला की आपण सरळ खाली. जुन्या सरावातून दोनच गोष्टी कामी आल्या. अढीमुळे, म्हणजे पायांनी खांब कवळून उलटं होण्यामुळे, पोटाला उलटं व्हायची सवय होती, आणि डोकं खाली गेलं की होणारी घाबरगुंडी नव्हती. बाकी मनगट पहिल्यापासून घडवावं लागलं.

आता ऋतूंचं. हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं, आणि आपल्याकडे तर यावरच सगळं अवलंबून.

पोल आला ऐन उन्हाळ्यात. बाहेर पंचेचाळीसच्या वर, स्लॅब संध्याकाळपर्यंत तापलेला. घामाने हात सुटतो हे तर झालंच, पण खरा घोळ कूलरचा. कूलर चालू केला की खोलीत दमटपणा भरतो आणि पोलच्या क्रोमवर न दिसणारा ओलसर पापुद्रा बसतो. पाच मिनिटांपूर्वी पुसलेला पोल पुन्हा निसरडा. म्हणून सरावाआधी अर्धा तास कूलर बंद, फर्राटा चालू, आणि वेळ पहाटेची. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापल्या दिवसांत, तर पहाटही कामाची नव्हती, तेव्हा नुसतं अंग मोकळं करणं आणि खांद्याचे व्यायाम. दुसरं म्हणजे, लोखंडी कूलरला करंट येतो हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. एका घामट हातात पोल आणि दुसरा हात किंवा पाय कूलरला लागेल इतका तो जवळ ठेवू नका. आमचा खिडकीबाहेर स्टँडवर आहे, तरी त्याची अर्थिंग तपासून घेतली.

दमट आणि गरम हवेत पितळी पोल क्रोमपेक्षा चांगला धरतो. तो काळवंडतो, घासावा लागतो, मऊ असल्याने ओरखडे पडतात. पण आपल्या उन्हाळ्याकडे पाहून मी कोणालाही आधी पितळीच सुचवेन. नकली कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात त्यांनी क्रोम टाळून स्टेनलेस बघावा, त्याची पकड थोडी कमी. पावडर कोटिंगचा पोल घट्ट धरतो, पण गिरक्या घेताना कातडी ओढतो. सिलिकॉनचा थर असलेल्यावर अंगभर कपड्यांतही चढता येतं. खेड्यात ही सोय वाटेल, पण त्यावर गिरकी जवळपास होतच नाही. बाकी सगळ्या पोलना उघडी कातडी लागते, म्हणजे आखूड चड्डी घालावीच लागते. आमच्याकडे त्यावर तोडगा म्हणजे दाराला आतून कडी आणि खिडकीला जुनी सतरंजी.

सासूबाई पहिल्या दिवशी बराच वेळ पोलकडे बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "लोकायले काय सांगाचं वं?"

"मल्लखांब सांगा, आई."

"आन् हे बांगड्या?"

बांगड्या काढाव्याच लागतात. काच फुटते, धातूची असली तर क्रोमला चरे पडतात. जोडवीसुद्धा. मंगळसूत्र तर उलटं झाल्यावर थेट नाकात येतं. सराव संपला की सगळं परत घालायचं या बोलीवर आमचं मिटलं. खिळ्याला एक वाटी टांगली आहे, त्यात सगळं राहतं.

पावसाळ्यात स्लॅब थोडा पाझरला. थाळीपासून दूर, तरी मी सुकेपर्यंत पोलला हात लावला नाही. ओला गिलावा कधी सुटेल सांगता येत नाही. याच दिवसांत सांध्यातले बारीक स्क्रू गंजले. संचात आलेली एलन की इतक्या मऊ धातूची की तिचेच कोपरे झिजून गोल झाले. तालुक्याच्या हार्डवेअरमधून दणकट एलन की आणि थेंबभर मशीन ऑइल आणलं. तेल फक्त स्क्रूला, काडीने, आणि नंतर स्पिरिटने सगळा पोल पुसून. पोल पुसायला मी मेडिकलमधलं साधं स्पिरिट आणि जुन्या सुती धोतराचं फडकं वापरते. डोक्याला तेल लावलेल्या दिवशी पोल नाही. हातावरच्या घामासाठी जिममधली खडूची पावडर, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. पातळ स्वरूपातली घेतली तर खोलीभर धूळ होत नाही.

मग कापूस आला आणि पोल कापसात गेला. शब्दशः. भाव येईस्तोवर कापूस घरातच ठेवायचा तर मागच्या खोलीशिवाय जागा कुठे? पोलच्या कमरेपर्यंत गंजी लागली. माझ्या पुतण्याला वाटलं, आता तर काकूला पडायची भीतीच नाही. सासूबाईंनी त्याला झापलं, "लक्ष्मीले पाय लावतं काय रे?" लक्ष्मीचं सोडलं तरी साठवलेल्या कापसाने अंगाला जी खाज सुटते ती उघड्या मांड्यांवर कशी लागेल याचा विचार करा. गाडी भरून जिनिंगला गेली, खोली झाडली, पोल दोनदा पुसला, तेव्हा कुठे सराव सुरू झाला. हात पुन्हा मऊ पडलेले. थंडीत उलटी तऱ्हा, पोल बर्फासारखा गार आणि कातडी कोरडी. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने पोल कोमट करायचा, कोरडा पुसायचा, आणि आपण आधी घाम येईपर्यंत हातपाय हलवायचे. टाचांना व्हॅसलिन रात्री लावलं असेल तर सकाळी साबणाने धुवा, नाहीतर चढताना पाऊल टिकणार नाही.

गादीबद्दल. पिंजाऱ्याची कापसाची गादी चालत नाही, दबून दगड होते. मी गादीवाल्याकडून चार इंची कडक फोमचे दोन अर्धे कापून घेतले, मधोमध पोलपुरती अर्धगोल खाच, वरून रेक्झिन, आणि जोडाला चिकटपट्टी शिवली. पैसे कमी असतील तर पोलच्या चकाकीत वाचवा, यात नको.

शिकणं संथ आहे. समोर गुरू नाही. गावात नेटवर्क गच्चीवर येतं, म्हणून व्हिडिओ तालुक्याला गेल्यावर उतरवून आणते. पोलभोवती चालणं, फायरमन स्पिन आणि चेअर स्पिन या सुरुवातीच्या गिरक्या, चढणं, मांड्यांनी धरून बसणं, एवढं नीट यायलाच पावसाळा उजाडला. प्रत्येक गोष्ट डाव्या बाजूनेही करावी लागते, नाहीतर एक खांदा भरतो आणि दुसरा तसाच राहतो. पाय वर फेकून उलटं व्हायचं नाही, पोटाच्या ताकदीने हळू वर न्यायचे. ते जमेपर्यंत जमिनीवर व्यायाम करा. आणि घरात कोणी नसताना उलटं होऊ नका. माझी नणंद घरी असली तरच मी करते, ती दाराबाहेर बसून अभ्यास करते आणि मधूनमधून हाक मारते.

मांड्यांच्या आत, पावलांवर काळेनिळे डाग पडतात. सुरुवातीला जास्त, पुढे कमी. नळावर पाणी भरताना लुगडं वर खोचलं की दिसतात. आशाताईंनी एकदा मला बाजूला घेऊन अगदी हळू विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मला हसू आलं, मग त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. त्यांना घरी नेऊन पोल दाखवला. त्यांनी दोन्ही हातांनी धरून जोरात हलवून पाहिला, हलला नाही तेव्हा त्यांचं समाधान झालं. आता त्यांना मनगटदुखीसाठी यातला कोणता व्यायाम चालेल ते हवं आहे.

दर पंधरवड्याला मी लेवल लावून बघते आणि खालची चूडी पाना घेऊन अर्धी फिरकी तपासते. उन्हाळ्यात घट्ट बसवलेला पोल थंडीत किंचित ढिला वाटला होता. सांध्यातून टक् असा आवाज यायला लागला तर त्याच वेळी उतरायचं, स्क्रू आवळायचे, मग पुढे. लग्नाचे पाहुणे येणार असले की पूर्ण उतरवून पलंगाखाली जातो, दोघांना मिळून अर्धा तास पुरतो.

तो चुकून आलेला पाव मीटरचा तुकडा अजून घरात आहे, 45 मिलिमीटर, क्रोम, न वापरलेला. विक्रेता परत घेत नाही. साडेनऊ फुटांच्या आसपास स्लॅब असलेल्या कोणाला यवतमाळ-अमरावतीकडे लागत असेल तर कळवा, पण आधी आपल्या कंपनीचे आटे त्याला बसतात का ते पाहा.