चेहऱ्यावरच्या आठ्या, घड्या आणि खळगे : घेतलेल्या उपचारांविषयी

चेहऱ्यावरच्या प्रत्येक रेघेला आपण सरसकट सुरकुती म्हणतो आणि उपचारांबाबतची बरीचशी निराशा तिथूनच सुरू होते. गेल्या दीड वर्षात मी भुवयांमधल्या दोन उभ्या आठ्या, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत उतरणाऱ्या घड्या आणि तारुण्यपीटिकांनी गालांवर मागे ठेवलेले खळगे अशा तिन्हींवर उपचार करून घेतले. तिन्हींची कारणे वेगळी असल्यामुळे एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला निरुपयोगी ठरतो, हे मला जरा उशिराच समजले.

आठ्यांसाठी घेतलेले बोटॉक्स सर्वांत चोख ठरले. हे औषध रेघ भरून काढत नाही; मज्जातंतूच्या टोकातून स्नायूकडे जाणारे संदेशवाहक रसायन अ‍ॅसिटिलकोलिन ते अडवते, त्यामुळे स्नायू आक्रसत नाही आणि त्यावरच्या त्वचेला घडी पडत नाही. मुळात ते तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारासाठी वापरले जात असे. कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांना १९८७ च्या सुमारास अशा रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्या मावळलेल्या दिसल्या आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये याच आठ्यांसाठी त्याला मान्यता दिली. डॉक्टरांनी मला आधी ‘रागावून दाखवा’ असे सांगितले, स्नायू कुठे उचलला जातो ते बोटाने चाचपले आणि पाच ठिकाणी मिळून २० युनिट टोचले. चौथ्या दिवशी कपाळ जड वाटू लागले, दोन आठवड्यांत आठ्या पडेनाशा झाल्या आणि साडेतीन महिन्यांनी त्या हळूहळू परतल्या. मात्र चेहरा शांत असतानाही दिसणारी डावीकडची बारीक रेघ पुसट झाली, गेली नाही. ती जाणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते.

नाकाजवळच्या घड्यांना बोटॉक्सचा उपयोग नसतो, कारण वयानुसार गालांचा आधार खचतो आणि त्याची ओळ तिथे उमटते. तिथे हायलुरोनिक आम्लाचा फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचून भर घालणारे जेल, वापरला गेला, तोही घडीत ठासून न भरता थोडा गालाच्या वरच्या भागात आणि थोडा घडीत. परिणाम लगेच दिसला आणि जवळजवळ वर्षभर टिकला. हा उपचार सोपा दिसतो, पण त्याच भागातून चेहऱ्याची रक्तवाहिनी जाते. फिलर चुकून तिच्यात शिरला, तर त्वचा काळी पडून मरू शकते आणि क्वचित दृष्टीही जाते. म्हणून तो विरघळवणारे हायलुरोनिडेज हे विकर (एन्झाइम) त्या खोलीत तयार आहे का, हे सुई लागण्यापूर्वी मी विचारले. हा प्रश्न ऐकून जो डॉक्टर नाराज होईल, त्याच्याकडून मी फिलर घेणार नाही.

खळग्यांची कथा लांबली आणि तिची सुरुवात चुकीची झाली. एका दवाखान्यात (नाव देत नाही) मला तपासण्याआधीच योजना विकण्यात आली आणि खळग्यांतही थेट फिलर भरण्यात आला. गादीत कितीही कापूस कोंबला तरी टाक्याची जागा खोलच राहते, तसे झाले : भोवतालचा गाल फुगला आणि खळगे अधिकच उठून दिसू लागले. तो फिलर नंतर विरघळवून घ्यावा लागला.

दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनी दिवा बाजूने धरला, दोन बोटांनी त्वचा ताणली आणि कोणते खळगे सपाट होतात ते पाहिले. पसरट, उथळ खळग्यांच्या तळाशी तंतूंचे बंध त्वचेला आत ओढून धरतात. ते सबसिजनने, म्हणजे त्वचेखाली सुई घालून कापले जातात. जागा बधिर केलेली असल्याने दुखत नाही, पण बंध तुटतानाची करकर कानाजवळ स्पष्ट ऐकू येते आणि ती ऐकण्याची मनाची तयारी हवी. महिन्याच्या अंतराने तीन बैठका झाल्या आणि प्रत्येक वेळी गाल दहा दिवस काळानिळा राहिला. सुईने टोचल्यासारख्या खोल, अरुंद छिद्रांसाठी तीव्र ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल काडीच्या टोकाने नेमके आत लावले गेले. काही सेकंदांत ठिपका पांढरा पडला, मग खपली धरली आणि आठवड्याभरात गळली. मायक्रोनीडलिंगही, म्हणजे त्वचेला असंख्य बारीक सुया टोचण्याचा उपचारही झाला, पण त्याचा स्वतंत्र लाभ मला फारसा जाणवला नाही. लेझर डॉक्टरांनी स्वतःहून टाळले, कारण सावळ्या त्वचेवर त्यानंतर काळपट डाग राहण्याची शक्यता अधिक असते. त्यांच्याकडे ते यंत्र असूनही त्यांनी ते सुचवले नाही, हे मला विशेष वाटले.

त्वचेला भरीवपणा देणारे प्रथिन, म्हणजे कोलॅजन, नव्याने तयार व्हायला काही महिने लागतात, त्यामुळे खरा फरक मला शेवटच्या बैठकीनंतर चार महिन्यांनी दिसला. माझ्या अंदाजाने पसरट खळगे निम्म्याने भरले, छिद्रे त्याहून कमी. पूर्वी दाढी झाल्यावर उजव्या गालावरच्या खळग्यांत साबणाचा फेस ठिपक्याठिपक्यांनी साचून राहत असे आणि तो वेगळा पुसावा लागे. आता तो एका ठिकाणीच राहतो. बोटॉक्स मी पुन्हा घेईन, फिलरचा विचार करेन, आणि छिद्रांसाठी आम्लाची आणखी एक बैठक ठरली आहे.