ऑरिगा बटरफ्लायफिश: काही महिने सांभाळल्यानंतर

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पहिलाच बटरफ्लायफिश आणायचा असेल, तर माझं मत ऑरिगाला. काही जण त्याला थ्रेडफिन म्हणतात. गेले बरेच महिने हा मासा माझ्याकडे आहे. टँक साधारण सहाशे लिटरचा, भरपूर लाइव्ह रॉक (उपयोगी जिवाणू वसलेले दगड), सोबत एक टँग, क्लाउनची जोडी आणि दोन-तीन किरकोळ मासे. कोरल जवळपास नाहीतच, एक-दोन लेदर (मऊ, चामड्यासारखे कोरल) सोडले तर. हे आधीच सांगतो, कारण कोरलने भरलेला टँक असेल तर पुढचं सगळं गणित बदलतं.

बटरफ्लायच्या कुळात सव्वाशेच्या आसपास जाती आहेत. निवड करताना रंग शेवटी बघावा, आधी तो मासा समुद्रात काय खातो ते बघावं. मेयरी, ऑर्नेट, बॅरोनेसा, शेव्हरॉन, ट्रायफॅसियाटस ही मंडळी जवळजवळ फक्त जिवंत कोरलचे पॉलिप (कोरल ज्यांचं बनतं ते इवलेसे जीव) खाऊन जगतात. दिसायला एकापेक्षा एक देखणी, पण घरच्या टँकमध्ये बहुतेक उपाशी मरतात. मला एका विक्रेत्याने ट्रायफॅसियाटस ‘नवशिक्यांसाठी एकदम सोपा’ म्हणून दाखवला होता. माशाचं पोट आत गेलेलं आणि खाण्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. ऑरिगाचं तसं नाही. किडे, छोटी कोळंबी, अ‍ॅनिमोनी, शेवाळ, कोरलचे तुकडे, जे मिळेल ते तो टिपतो. लाल समुद्रापासून हवाईपर्यंत पसरलेला मासा आहे, एकाच खाण्यावर अडून बसणारा असता तर इतका पसरला नसता. त्याच्या चिवटपणाचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

पण जात चिवट आहे म्हणून समोरचा मासा चिवट असेलच असं नाही. पकडणं, वाहतूक, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत फिरणं, यात कितीतरी मासे आतून खचलेले असतात. म्हणून दुकानात फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) टाकायला सांगा आणि समोर उभं राहून बघा. नुसतं तोंडात घेऊन थुंकणं म्हणजे खाणं नव्हे, गिळायला हवं. मग वरून बघा: डोक्यामागे पाठीचा भाग भरलेला असावा. तिथे खड्डा किंवा धार दिसली तर तो मासा बरेच दिवस उपाशी आहे. तोंडाचं टोक सोललेलं नसावं, डोळे स्वच्छ असावेत, कल्ले भराभर हलत नसावेत. आकार आठ ते बारा सेंटिमीटर बरा. त्याहून लहान पिल्लं दोन-चार दिवस खाणं चुकलं तरी खंगतात, आणि फार मोठे झालेले मासे नव्या खाण्याला लवकर तयार होत नाहीत. दुकानदाराला आठवडाभर मासा राखून ठेवायला सांगता आलं तर सोन्याहून पिवळं.

क्वारंटाइन, म्हणजे नवा मासा काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवणं, टाळू नका. बटरफ्लायच्या अंगावर फ्लूक्स (चिकटून राहणारे बारीक परजीवी किडे) असणं नेहमीचंच, आणि ते साध्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. माझ्या माशाने आल्यावर पाइपला अंग घासायला सुरुवात केली, मधूनच डोकं झटकायचा. प्राझिक्वांटेल या जंतनाशकाचा एक डोस, काही दिवसांनी दुसरा, आणि घासणं थांबलं. दुसरा डोस सोडू नये, कारण अंड्यांवर औषध चालत नाही. त्यातून नंतर बाहेर येणाऱ्यांना गाठावं लागतं. पांढरे ठिपके, म्हणजे मरीन इच हा परजीवीचा आजार, आले तर मी तांब्याच्या औषधाआधी पाण्याचा खारेपणा कमी करण्याचा उपाय बघतो. क्वारंटाइनमध्ये विशिष्ट गुरुत्व 1.009 च्या आसपास ठेवायचं, पण मोजायला नीट कॅलिब्रेट केलेलं रिफ्रॅक्टोमीटर हवं. तांबं वापरायचंच असेल तर रोज टेस्ट किटने मोजत. मुख्य टँकमध्ये तर कधीच नाही: कोळंबी, गोगलगायी मरतात आणि रॉक तांबं शोषून बसतो.

खाण्याबाबत मात्र या माशाने मला सुखद धक्का दिला. पहिले काही दिवस फक्त उघडलेला शिंपला खाल्ला. रॉकवर अर्धा शिंपला ठेवला की तिरका होऊन, लांबट तोंड आत घालून, एकेक लचका तोडायचा. मग त्याच शिंपल्यावर मायसिस चोळून ठेवायला लागलो. मग मायसिस मोकळं पाण्यात सोडलं. शेवटी त्यात भिजवलेल्या बारीक पेलेट्स मिसळल्या. आता झाकण उघडल्याचा आवाज आला की टँगच्याही आधी पृष्ठभागावर हजर असतो. दिवसातून तीन वेळा थोडं थोडं देतो. त्याचा स्वभावच दिवसभर टिपत राहण्याचा, एकदाच भरपेट टाकलं तर अर्धं खाली जातं आणि पाणी बिघडतं. नुसत्या ब्राइन श्रिंपवर मात्र ठेवू नका. आवडीने खातो, पण त्यात दम नाही.

टँकमध्ये एप्टेशिया, म्हणजे तणासारखे पसरणारे छोटे अ‍ॅनिमोनी, माजले होते, ते त्याने बऱ्यापैकी उरकले. हमी कोणी देऊ नये, प्रत्येक मासा वेगळा. पण हा आधी कडेकडेची छोटी पिल्लं वेचायचा, मोठ्यांकडे नंतर वळला. ब्रिसल वर्म्सही कमी झाले. त्याच झपाट्यात दोन फेदर डस्टर (पिसाऱ्यासारखे शोभेचे किडे) हेही गेले. ते होणारच होतं. झोआ (कोरलसारखे छोटे पॉलिप), एलपीएस म्हणजे मोठ्या पॉलिपचे कडक कोरल, किंवा क्लॅम (मोठे शिंपले) असतील तर याला आणू नका. लेदरला त्याने अजून तोंड लावलेलं नाही.

दिसण्याबद्दल फारसं सांगायला नको, फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात. फोटोत न दिसणारी गोष्ट रात्रीची. दिवे गेल्यावर थोड्या वेळाने टॉर्च मारला तर पांढरं अंग मळकट राखाडी झालेलं असतं आणि पाठीचे काटे उभारून मासा दगडाच्या कपारीत एका बाजूला कललेला. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, मेला. सकाळी दिवे लागल्यावर काही मिनिटांत पूर्ववत. पाठीच्या परावरची ती लांब दोरी, जिच्यावरून थ्रेडफिन नाव पडलं, ती लहान माशात नसते. वाढल्यावर येते. माझ्याकडे ती आली आणि टँगच्या एका झटापटीत टोकाला तुटलीही.

तक्रारी आहेतच. पहिली, पाणी. इतकं खाणारा मासा घाणही तितकीच करतो. तो आल्यापासून नायट्रेट चढायला लागलं, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप लवकर भरतो आणि पाणी बदलण्याचं प्रमाण वाढवावं लागलं. अमोनिया किंवा नायट्राइट जराही चालत नाही, त्यामुळे नुकत्याच सुरू केलेल्या टँकमध्ये याला सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. दुसरी, आकार. वीस सेंटिमीटरपर्यंत जातो आणि पोहायला मोकळी जागा मागतो, तेव्हा चारशे लिटरखाली विचार करू नका. तिसरी, मध्येच परावर फुलकोबीसारखे पांढरे गड्डे आले. हा लिम्फोसिस्टिस, विषाणूचा आजार, बटरफ्लायमध्ये नेहमी दिसतो. औषध नाही, लागतही नाही. खाणं आणि पाणी चांगलं ठेवलं, काही आठवड्यांत आपोआप गेले. घाबरून तांबं ओतणारे लोक मी बघितले आहेत. त्याने माशाला फक्त त्रास होतो.

रकून (बटरफ्लायचीच दुसरी जात) की ऑरिगा, असं मला बरेच जण विचारतात. एप्टेशिया हे तुमचं मुख्य दुखणं असेल तर रकून, तो आणखी हावरा. जागा कमी असेल तर क्लाइन्स बटरफ्लाय: तो या दोघांपेक्षा लहान राहतो, रंगाने साधा म्हणून दुर्लक्षित, पण खाण्यात अजिबात नखरा नाही. पिवळा लाँगनोज शांत टँकमध्ये छान टिकतो, दांडगे सोबती असतील तर खाण्याच्या वेळी मागे राहतो. कॉपरबँड बटरफ्लाय मात्र ‘चिवट’च्या यादीत मी घालणार नाही, कितीही सुंदर असला तरी. कित्येक कॉपरबँड जिवंत किड्यांपलीकडे काही खातच नाहीत. आणि कोरलचा टँक असेल तर पिरॅमिड बटरफ्लाय बघा. तो पाण्यात तरंगणारं प्लवक खातो, कोरलकडे सहसा वळत नाही. फक्त तो कळपाने राहणारा, म्हणजे टँक मोठाच हवा. याच कुळातला हेनिओकस घेताना नीट पारखा: दोन जाती जवळजवळ सारख्या दिसतात, त्यातली डिफ्रुटीस प्लवक खाणारी, दुसरी अक्युमिनाटस कोरल टोचणारी.

घरातून चार दिवस बाहेर जायचं असलं की पेलेट्स खाणाऱ्या माशाची खरी किंमत कळते. ऑटोफीडर लावून मी निर्धास्त जातो. फ्रोझनची पाकिटं मात्र जाताना नजरेआड ठेवतो, कारण टँकवर लक्ष ठेवायला येणाऱ्या माणसाला प्रत्येक मासा उपाशीच वाटतो.