उन्हाळी शर्यती, मांडवी ते आरे-वारे: 57 वर्षांच्या एका पळणारीचा अनुभव

शर्यतीत मी कायम मागच्या घोळक्यात असते. वय 57. गुडघे अजून साथ देतात, पण दहा किलोमीटरला मला एक तास अठरा-वीस मिनिटं लागतात. पुढे पळणाऱ्या पोरांना कुठल्याही शर्यतीत सगळं मिळतं. मी पोचते तेव्हा टेबलावर पाणी शिल्लक आहे का आणि वळणावरचा माणूस अजून उभा आहे का, यावर मी शर्यत चांगली की वाईट ते ठरवते. रत्नागिरीतल्या आमच्या रनिंग क्लबच्या या वर्षीच्या तिन्ही उन्हाळी शर्यती मी पळाले. तिन्हींची मिळून फी नऊशे रुपये. पैसे वसूल झाले का विचाराल, तर झाले. पहिल्या शर्यतीनंतर मात्र मी असं म्हटलं नसतं.

पहिली शर्यत मार्चच्या शेवटच्या रविवारी, मांडवीच्या जेटीपासून पाच किलोमीटर. वेळ सहाची दिली होती. आधी नारळ, मग शाली, मग दोन भाषणं, असं करता करता सुटायला सहा पस्तीस झाले. पस्तीस मिनिटं काही फार नाहीत असं घरी बसून वाटेल. पण कोकणात मार्चअखेरीला सहाची हवा आणि पावणेसातची हवा एक नसते. परतीच्या वळणावर पोचले तर पाण्याचं पिंप आडवं करून ठेवलेलं, आणि मुलं रिकाम्या बाटल्या गोणीत भरत होती. माझ्या मागे अजून अकरा जण होते, त्यात दोन सत्तरीचे. शेवटी घड्याळात अंतर दिसलं 4.7 किलोमीटर. जीपीएसचं घड्याळ पन्नास-शंभर मीटरने इकडेतिकडे होतं, तीनशेने नाही. विचारल्यावर कळलं, मार्ग मोटारसायकलच्या मीटरवर मोजला होता.

मी सेक्रेटरीला तिथेच गाठलं. माझ्या मुलाच्या वयाचा आहे. रागावला नाही, खिशातून डायरी काढली आणि मी बोलले ते एकेक लिहून घेतलं. "काकू, भाट्येच्या शर्यतीला या, मग सांगा," म्हणाला.

मला या गोष्टी एवढ्या का लागतात, त्याला कारण आहे. गेल्या वर्षी जून-जुलैत मी लेकीकडे इंग्लंडला होते, विल्टशायरमधल्या एका खेड्यात. तिथल्या क्लबची शर्यत बुधवारी संध्याकाळी सव्वासातला होती. माणसं कामावरून आली, गाडीच्या डिकीपाशी बूट बदलले आणि रांगेत उभी राहिली. जूनमध्ये तिथे सूर्य सव्वानवाच्या पुढे मावळतो, त्यामुळे उजेडाची चिंता नाही. अंतर पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटरला थोडं जास्त. रस्ते आपल्या कोकणातल्या पाखाडीपेक्षा, म्हणजे दगडी पायवाटेपेक्षा, जरा रुंद, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचं झाडोऱ्याचं कुंपण, आणि त्यापलीकडे मेंढ्या. रस्ता वाहतुकीला बंद नव्हता, म्हणून कानात हेडफोन घालून पळायला सक्त मनाई. छातीवरच्या नंबरच्या मागे आजार, औषधं आणि घरच्या माणसाचा फोन लिहायचा. तो लिहिला आहे का, हे नंबर देणारी बाई उलटून बघत होती.

आणि प्रत्येक फाट्यावर पिवळं जाकीट घातलेला क्लबचा एक माणूस. पुढे कळलं की क्लबात पळायचं तर वर्षातून एखाद्या शर्यतीला न पळता असं उभं राहावं लागतं. शेवटच्या फाट्यावर एक आजीबाई घडीच्या खुर्चीत बसलेल्या होत्या. मी शेवटून बारावी. मला बघून त्या खुर्चीतून उठल्या आणि उभ्या राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या मागच्या अकरा जणांसाठीही उठल्या असणार. पळून झाल्यावर गावाच्या हॉलमध्ये चहा आणि सभासदांनी घरून करून आणलेले केक. हे मी सेक्रेटरीला सगळं सांगितलं. तिकडचं सगळं भारी आणि आपलं वाईट, असं मला म्हणायचं नव्हतं. तिकडे त्या संध्याकाळी 17 अंश तापमान होतं, तेवढ्या गारव्यात शर्यत भरवणं सोपं आहे. पण वळणावर माणूस उभा करायला थंडी लागत नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी भाट्येची दहा किलोमीटरची शर्यत झाली, आणि या तिघींतली हीच खरी. वेळ पावणेसहाची, आणि सुटली पावणेसहालाच. सत्कार शर्यतीनंतर. काळोख पुरता गेला नव्हता, खाडीच्या पुलावर दर वीस पावलांवर एक मुलगा बॅटरी घेऊन उभा. अंतराचं म्हणाल तर या वेळी सायकलने मोजलं होतं. इंग्लंडात मार्ग मोजणारे सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र लावतात. आपल्याकडच्या मुलांनी चाकाचे फेरे मोजणारं साधं काउंटर लावलं, रीत मात्र तीच. आधी पोलादी टेपने सरळ रस्त्याचे 300 मीटर मोजायचे, त्यावर सायकल चालवून फेरे किती भरतात ते काढायचं. मग सगळा मार्ग वळणाच्या आतल्या कडेने, कडेपासून 30 सेंटीमीटर सोडून, सायकलने जायचा. वर दर किलोमीटरला एक मीटर जादा धरायचा, म्हणजे चुकूनसुद्धा मार्ग कमी भरत नाही. माझ्या घड्याळात शेवटी 10.06 आले. पळणारा माणूस कधीच अगदी आतल्या कडेने पळत नाही, त्यामुळे एवढं जास्त दिसणारच. मला फार समाधान वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा रत्नागिरीत काढलेली वेळ मी खरी मानते: 1 तास 19 मिनिटं 40 सेकंद.

मार्ग सुंदर आहे. पूल संपला की उजवीकडे सुरूचं बन, नारळ संशोधन केंद्राच्या बागा आणि झरी विनायकाचं देऊळ. तोवर सपाट. सूर्य सड्याआडून, म्हणजे जांभ्याच्या पठारामागून, वर येतो, म्हणून खाली किनाऱ्यावर ऊन उशिरा पोचतं, हा मोठा फायदा. मग फणसोपच्या बाजूचा चढ लागतो. तिथे मी चालले, लाज वाटायचं कारण नाही. चढावर जांभ्याच्या गडग्याला टेकून एक म्हातारी उभी होती, हातात कळशी. क्लबची नव्हे, वाडीतली. "दमलीस काय गो बाय? सावकाश जा," म्हणाली आणि ओंजळीत पाणी ओतलं. पुढच्या वळणावर क्लबची दोन मुलं शिट्ट्या घेऊन उभी होती. हंगामाचे दिवस, आंब्याचे टेम्पो पहाटेच निघतात आणि उतारावर जोरात येतात. मुलं टेम्पो थांबवत होती, आधी आम्हाला जाऊ देत होती. ड्रायव्हरही थांबत होते. एकाने तर खिडकीतून हात काढून जोर लावा म्हणून ओरडून सांगितलं.

आता पाणी. दर अडीच किलोमीटरला टेबल, आणि मी पोचले तेव्हा प्रत्येक टेबलावर भरलेले पेले. स्टीलचे. प्लॅस्टिकचे ग्लास नाहीत, कारण समुद्र पन्नास पावलांवर आणि वारा तिकडेच वाहतो. पेला घ्यायला थांबावं लागतं, पुढची पोरं त्यावर कुरकुरली. माझं मत विचाराल तर थांबावंच. आपल्या दमट हवेत ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी: घाम आल्याने अंग थंड होत नाही, घाम वाळल्याने होतं. हवेतच एवढी आर्द्रता असली की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. आतली उष्णता आतच राहते, आणि पाण्याबरोबर मीठही जातं. मग नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं, डोकं गरगरतं, मळमळतं. म्हणून एकाआड एक टेबलावर कोकमाचं पाणी होतं, मीठ आणि जिरेपूड घालून, साखर बेताची. शहाळ्याचं पाणी शेवटी मिळालं. शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, त्यामुळे पळताना मिठाची भर त्याने होत नाही. हे ज्याने ठरवलं त्याला विषय कळतो.

असं असूनही एक मुलगा शेवटच्या रेषेपाशी कोसळला. बाहेरगावचा, विशीतला, पहिल्या दहात होता. काय बोलतोय ते त्याचं त्याला कळत नव्हतं. क्लबच्या डॉक्टरबाईंनी त्याला सावलीत आडवा केला, बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल मानेवर, काखेत, जांघेत ठेवले, दोन जण पुठ्ठ्याने वारा घालत होते. तोंडात पाणी ओतायला पुढे आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी हात धरून मागे सारलं. शुद्ध धड नसताना पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. वीसेक मिनिटांनी मुलगा नाव-गाव नीट सांगू लागला, तरी ॲम्ब्युलन्समधून दवाखान्यात नेलाच. मी शर्यत संपवून आले तेव्हा हे चाललं होतं. टॉवेल, बर्फाची पेटी, ॲम्ब्युलन्स, हे सगळं शर्यत सुटण्याआधीपासून तिथे तयार होतं. माझ्या लेखी नऊशेतले निम्मे रुपये तिथेच फिटले.

नंतर बचत गटाच्या बायकांनी केलेला मऊभात, मेतकूट, तूप आणि लिंबाचं लोणचं. पळून आल्यावर पोटाला याहून बरं काही नाही. शिवाय ओल्या नारळाची चटणी आणि गरम घावणे. पदकं साधी आहेत, टीशर्ट घ्यायची सक्ती नाही, पहिल्या येणाऱ्यांना हापूसची पेटी.

आरे-वारेची मेमधली 15 किलोमीटरची शर्यत मात्र घाईत घेतल्यासारखी वाटली. काळबादेवीवरून आरेपर्यंत समुद्राच्या काठाने जाताना मन भरून येतं, चढ चढून वर पोचल्यावर दोन्ही किनारे एकदम दिसतात, तिथे मी मुद्दाम मिनिटभर थांबले. पण सुटायची वेळ पुन्हा सहाची ठेवली. मागच्यांना परतायला आठ वाजून गेले, तोवर पर्यटकांच्या गाड्या सुरू झाल्या आणि वरच्या वळणावर फोटोसाठी रस्त्यातच उभ्या. पाच वाजता सोडायला हवी होती. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. भाट्येला जवळच्या शाळेची स्वच्छतागृहं उघडून दिली होती, आत बादली, मग, साबण, सगळं. इथे काहीच नाही. दोन-अडीच तास रस्त्यावर असणाऱ्या बाईला हे चालणार नाही. माझ्याबरोबरच्या दोघी पाणी पिणं टाळत होत्या याच कारणासाठी, आणि मेच्या उकाड्यात पाणी टाळणं म्हणजे काय ते वर लिहिलंच आहे. एक फिरतं स्वच्छतागृह भाड्याने आणायला पदकांचा खर्च कमी करावा लागला तरी चालेल.

आणखी एक मागणी. वयोगट तीनच आहेत, शेवटचा "45 च्या पुढे". म्हणजे 46 चा आणि 72 चा माणूस एकाच बक्षिसासाठी. इंग्लंडात दर पाच वर्षांचा गट असतो. तेवढे नकोत, पण 45, 55 आणि 65 असे तरी करावेत. भाट्येला 72 वर्षांचे एक निवृत्त खलाशी माझ्या पुढे दोन मिनिटं होते. त्यांचं नाव कुठल्याच यादीत वर आलं नाही.

शेवटच्याच्या मागे सायकलवर एक मुलगा असतो, हे तिन्ही शर्यतींत पाळलं गेलं. आरे-वारेला शेवटी एक शिक्षिका होती, पहिल्यांदाच 15 पळत होती. ती दोन तास एक्केचाळीस मिनिटांनी आली. घड्याळ चालू होतं, कमान उभी होती, कोकमाचं पिंप अर्धं भरलेलं होतं, आणि सेक्रेटरीने तिचा नंबर माइकवर पुकारला.

पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी: भाट्येची शर्यत चुकवू नका. गाडी पुलाच्या अलीकडे, शहराच्या बाजूलाच लावा, पलीकडे जागा नाही. पाचपर्यंत पोचा. नंबरला चार पिना मिळतात, तरी दोन जादा आणा, घामाने कागद फाटतो. आणि नंबरच्या मागे घरच्या माणसाचा फोन लिहा, अजून आपल्याकडे ते उलटून कुणी बघत नाही.