गुलमर्गला स्कीचं सामान भाड्याने घेताय? आधी बुटाची टाच बघा

गुलमर्गला जाणारी आपली मंडळी हल्ली नुसते बर्फात फोटो काढून परत येत नाहीत, बरेच जण स्की शिकायला उभे राहतात. मला याचा मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितेय. कोटाच्या भाड्यात शे-दोनशे जास्त गेले तर माणूस विसरून जातो. आमच्याकडे मात्र भाच्याच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं, आणि खोट कुठे होती हे एका फोटोमुळे कळलं.

श्रीनगरहून जाताना गुलमर्गच्या अलीकडे साधारण १३ किलोमीटरवर तंगमर्ग लागतं. बर्फ पडलेला असला की तिथून पुढे चाकांना चेन लावलेली किंवा फोर बाय फोर गाडीच सोडतात, त्यामुळे थांबावं लागतंच. त्या थांब्यात ड्रायव्हर "कोट-बूट इथेच घ्या, वर डबल पैसे पडतील" म्हणत ठरलेल्या दुकानात नेतो. त्याचं कमिशन असतं. तिथे मिळणारे लांब कोट आणि गमबूट गोंडोल्यात, म्हणजे केबल कारमध्ये, बसून वर जाऊन यायला पुरतात, स्कीइंगला त्यांचा उपयोग नाही.

आमच्या दुकानदाराने भाच्यासाठी स्कीचा सेट काढला तो खरंच चांगला होता. बूट बेताचा बसला. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकायची आणि गुडघे वाकवले की मोकळी व्हायची. स्कीचा बूट असाच बसायला हवा. घरच्या ग्रुपवर टाकायला मी दोन-चार फोटो काढले. रोख ५,००० रुपये डिपॉझिट, भाच्याचं मूळ आधार कार्ड आणि बदल्यात एक चिठ्ठी, तिच्यावर फक्त "स्की सेट १". मग दुकानदार म्हणाला, "मॅडम, ओझं कशाला वाहता? आमचा मुलगा उतारावर आणून देईल."

अदलाबदल इथेच झाली.

वर तो मुलगा त्याच रंगाच्या स्की घेऊन आला. बूट पायात सैल लागत होता. भाच्याने म्हटलंही, "मावशी, हा तो बूट वाटत नाही." त्यावर मुलाचं उत्तर तयार होतं, "थंडीमुळे असं वाटतं, दोन मोजे घाला." मग त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, स्कीवर बूट अडकवायचा जो सांगाडा असतो, ज्याला बाइंडिंग म्हणतात, त्याचा स्क्रू पिळला आणि म्हणाला, "एकदम टाइट केलंय, निघणार नाही." ऐकणाऱ्याला वाटतं, बरं झालं, सुरक्षित आहे.

खरं तर बाइंडिंगचं निम्मं काम बूट धरून ठेवायचं आणि निम्मं काम वेळेवर सोडायचं असतं. पडताना पायाला पीळ बसला की स्की सुटायला हवी, नाहीतर तो सगळा पीळ गुडघ्यात जातो. किती जोर आल्यावर ती सुटावी याचा आकडा बाइंडिंगवरच्या छोट्या खिडकीत दिसतो. वजन, उंची, वय, स्की किती येतं आणि बुटाच्या तळव्याची लांबी यावरून तो ठरवतात. त्यासाठी आयएसओ ११०८८ नावाचं मानक आणि तयार तक्ते आहेत. साठ किलोच्या नवशिक्याला हा आकडा साधारण ३ ते ४ च्या दरम्यान येतो. भाच्याच्या स्कीवर तो ८ होता.

पडला तोही काही वेगात नाही. नवशिक्यांच्या जवळजवळ सपाट उतारावर स्कीचं टोक बर्फात रुतलं आणि अंग हळूहळू दुसरीकडे फिरलं. स्की काही सुटली नाही. शेजारी मुलांना शिकवणारे एक स्थानिक इन्स्ट्रक्टर धावत आले, त्यांनी पोलने, म्हणजे हातातल्या स्कीच्या काठीने, बाइंडिंगचा टाचेकडचा खटका दाबून स्की सोडवली, खिडकीतला आकडा बघितला आणि कपाळाला हात लावला. मग त्यांनी बुटाच्या टाचेवर कोरलेला तळव्याच्या लांबीचा आकडा दाखवला, ३२५ मिलिमीटर. मी मोबाइल उघडला. तंगमर्गच्या फोटोत टाचेवर स्वच्छ ३०५ दिसत होतं.

परत जाताना दुकानदाराने स्की उलटी करून तळाला पडलेला खड्डा दाखवला आणि डिपॉझिट विसरा म्हणाला. खड्ड्याच्या कडा काळ्या पडून गुळगुळीत झाल्या होत्या, आत जुनं मेण बसलं होतं. त्या दिवशीचा तो खड्डा नव्हताच. फोटो दाखवले तर म्हणे, "हा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा सेट." माझ्या नवऱ्याने शांतपणे सांगितलं की पर्यटन पोलिसांकडे जाऊ, १९७८ च्या कायद्यानुसार इथे पर्यटकांशी व्यवसाय करणाऱ्यांना नोंदणी लागते, तुमचा नोंदणी क्रमांक दाखवा. आधार कार्ड आणि निम्मे पैसे लगेच बाहेर आले.

त्याच दुकानातून घेतलेल्या जॅकेटचीही तीच गत. नावाजलेल्या परदेशी कंपनीचं लेबल, "दहा हजारचं वॉटरप्रूफ" हे वाक्य, आणि बर्फात चार वेळा बसल्यावर पाठ-खांदे ओले. दहा हजार म्हणजे कापड १०,००० मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सहन करतं. पण शिवणीतून पाणी आत आलं तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. जॅकेट उलटं करून शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का बघा. आमच्यात उघडा दोरा होता. अंगालगत मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं, त्यावर फ्लीसचं उबदार जॅकेट आणि वर शिवणींना पट्टी असलेलं जॅकेट, एवढं पुरतं. जीन्स आणि सुती बनियन नकोच, ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं. आतले कपडे, हातमोजे, गॉगल हे पुण्या-मुंबईत नीट बघून घेता येतं, ते घरूनच न्या. हेल्मेटच्या आत ईएन १०७७ हे स्कीच्या हेल्मेटचं युरोपीय मानक लिहिलेलं शोधा.

भाड्याने घ्यायच्या त्या फक्त स्की, बूट आणि पोल. जिथे बूट घालून बघितला तिथूनच स्वतः उचलून न्या. टाचेवरचा आकडा, बाइंडिंगची खिडकी, स्कीचा तळ आणि कडा यांचे फोटो दुकानदारासमोर काढा, चिठ्ठीवर तो आकडा लिहून घ्या. मोजा एकच. दोन मोज्यांनी बसणारा बूट तुमच्या मापाचा नाही. "वजन किती?" असं न विचारता स्क्रू पिळायला घेणाऱ्याकडून सामान घेऊ नका. स्नोबोर्डवाल्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या बाइंडिंगमधून पडताना पाय सुटत नाही, त्याची रचनाच तशी असते. तिथे मनगटं सांभाळायची, आणि कुठला पाय पुढे ठेवायचा ते ठरवूनच बाइंडिंग बसवून घ्यायची.

नीट शिकायचंच असेल तर गुलमर्गला केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी संस्था आहे. त्यांच्या कोर्समध्ये सामान संस्थेकडूनच मिळतं. मूळ आधार कार्ड कुणाकडेही ठेवू नका, आकडे झाकलेली मास्क्ड प्रत द्या.

आमची तक्रार फोटो आणि डॉक्टरांचा रिपोर्ट जोडून गेली आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर पर्यटकांची हेल्पलाइन १३६३ आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. हातातली ती भाड्याची चिठ्ठी मात्र फेकू नका, तक्रारीत पहिल्यांदा तीच मागतात.