चमत्कार सादरीकरण: प्रयोग उत्तम, प्रश्नोत्तरं अर्धवट

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा ऑर्केस्ट्राऐवजी चमत्कारांमागचं विज्ञान दाखवणारा कार्यक्रम ठेवला होता. मानधन नाही, फक्त येण्याजाण्याचा खर्च. एक सर आणि एक तरुण ताई आल्या होत्या. प्रयोगांना माझे पाचपैकी पाच, प्रश्नोत्तरांना अडीच.

नारळाच्या शेंडीत सोडियमचा बारीक तुकडा लपवलेला. ताईंनी मंत्र पुटपुटत पाणी शिंपडलं आणि शेंडी भपकन पेटली. मग होमकुंड. काडी न ओढता त्यात तूप सोडलं. काही सेकंद काहीच नाही, पुढच्या रांगेतली पोरं उठून उभी राहिली आणि मग धूर, जांभळट ज्वाळा. उलगडा त्यांनी लगेच केला नाही, आधी मुलांनाच विचारलं. एक चिमुरडी म्हणाली, "पण तुपाचा वास कुठे येतोय?" बरोबर होतं तिचं. तूप म्हणजे ग्लिसरीन, खाली पोटॅशियम परमँगनेटची पूड.

मग एका काकांनी विचारलं, "देव नाही हे तुम्ही सिद्ध करून दाखवा, मग मानू." सरांनी "आमचा देवाधर्माला विरोध नाही" एवढंच म्हणून माईक पुढे दिला. त्यांचं जपून बोलणं मी समजू शकते. ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं हेच काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तरीही हे लोक गावोगाव फिरतात, याचा मला फार आदर आहे. पण काकांनी मनापासून विचारलं होतं आणि त्याला उत्तर आहे.

मी नास्तिक आहे आणि दिवाणी कोर्टात वकिली करते. शाबितीची जबाबदारी कोणावर, हा आमचा रोजचा प्रश्न. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १०१ आणि जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १०४ एकच सांगतं: ज्या गोष्टीच्या आधारे तुम्ही दाद मागता, ती तुम्हीच शाबीत करायची. उसने पैसे दिले म्हणणाऱ्याने चिठ्ठी आणायची, साक्षीदार आणायचा. 'मी कधीच घेतले नाहीत' हे शाबीत करायला प्रतिवादीला कोणी आधी उभं करत नाही. आस्तिकांकडे माझं मागणं एवढंच आहे. 'देव नाहीच' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या नास्तिकालाही अर्थात हाच नियम. मी तसं म्हणत नाही. समोर आलेल्या पुराव्याने मला पटलेलं नाही, एवढंच म्हणते.

"अनुभव येतो ना!" असं मागून कोणीतरी म्हणालं, त्यालाही उत्तर मिळालं नाही. इथे डॉ. जयंत नारळीकरांची २००८ ची फलज्योतिष चाचणी सांगायला हवी होती. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० देऊन कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवूनही जे जमलं असतं तेवढंच. पत्रिका जुळल्याच्या आठवणी घरोघरी असतात, चुकलेल्या कोणी मोजत नाही. इथे दोन्ही मोजल्या गेल्या.

कार्यक्रम जरूर ठेवा. प्रश्नोत्तरांना निदान अर्धा तास द्या आणि देवाचा प्रश्न येणारच, हे पाहुण्यांना फोनवरच सांगून ठेवा. मुलांना स्टेजपासून जरा लांब बसवा. वाळूची बादली आपणच भरून ठेवायची, सोडियमवर पाणी चालत नाही.