गळाच्या शिशाचा साचा: आठ महिने ओतकाम केल्यावर

दिवाळीच्या आधी ऑनलाइन मागवलेला गळाच्या शिशाचा, म्हणजे मासे धरायच्या दोरीला बांधतात त्या वजनाचा, साचा आता आठ महिने वापरून झालाय. अ‍ॅल्युमिनियमचा, दोन पाखांचा, लाकडी मुठींचा. किंमत चौदाशे पन्नास. दोन खाने: एक लहान, १३ ग्रॅमचा, आणि एक मोठा, ४२ ग्रॅमचा. दोन्हीत निघणारं शिसं शंकूच्या आकाराचं, वर निमुळतं, खाली जड, मधून दोरीसाठी आरपार भोक. घेण्याआधी मराठीत कुणी याबद्दल लिहिलंय का म्हणून खूप शोधलं, काही मिळालं नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गरज काय होती ते. मी जिंतूर तालुक्यातला. येलदरीच्या पाण्यावर आणि खाली पूर्णेच्या पात्रात सुट्टीच्या दिवशी गळ टाकतो. मरळ, वाम, कधी नशिबानं चांगला रोहू. पूर्णेचा तळ म्हणजे काळा खडक आणि त्याच्या कपारी. बाजारात मिळणारं गोल शिसं धारेबरोबर घरंगळत जातं, कपारीत बसतं, आणि ओढलं की दोरीसकट तुटतं. एका सकाळी मी सहा शिसं घालवलीत. साचा आला तेव्हा पहिला शंकू आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या भोई मामांना दाखवला. त्यांची सगळी हयात नदीत गेलेली. त्यांनी तो बोटात फिरवला आणि म्हणाले, "वर बारीक, खाली जड. वढताना बारीक तोंड फुडं येतंय. हे कशाला आडकंल?"

मामांचं बरोबर निघालं. एकाच जागी, एकाच दोरीनं दहा वेळा गोल शिसं टाकलं आणि दहा वेळा शंकू. गोल चार वेळा अडकलं, शंकू एकदा. तोही दोरी ढिली सोडून पुन्हा ओढल्यावर सुटला. माझ्यासाठी साच्याचे पैसे तिथंच वसूल झाले.

पण साचा हातात आला म्हणजे शिसं ओतता आलं असं होत नाही. पहिले दोन रविवार माझ्या हाताला सुरकुत्या पडलेले, अर्धवट भरलेले तुकडे लागले. साचा खराब आहे असं समजून परत पाठवायची तयारी केली होती. खरी गोष्ट अशी की साचा गार होता. शिसं ३२७ अंशांना वितळतं, पण वितळलं म्हणजे ओतण्याजोगं झालं असं नाही, आणि गार अ‍ॅल्युमिनियमला लागताच ते जागच्या जागी थिजतं. आता मी साचा आधी चुलीच्या कडेला तापवून घेतो, खान्यांना आतून दिव्याची काजळी धरतो, आणि पहिले आठ-दहा नग न बघताच परत कढईत टाकतो. त्यानंतर माल गुळगुळीत, चकचकीत येऊ लागतो. उलट साचा फार तापला तर नगावर पिठूळ पांढुरकी कळा येते. तेव्हा दोन मिनिटं थांबायचं. मल्टिमीटरला तापमानाची तार जोडून मी शिसं ४०० अंशांच्या आसपास ठेवतो. त्याहून वर नेण्यात फायदा काही नाही, धूर आणि मळी तेवढी वाढते.

दुसरी शिकण्याची गोष्ट म्हणजे ओतताना वरच्या पट्टीवर शिशाचं चांगलं थारोळं राहू द्यायचं. शिसं थिजताना आकसतं, आणि आकसताना त्याला वरून आणखी शिसं ओढून घ्यावं लागतं. थारोळं कमी पडलं की नग बाहेरून छान दिसतो, पण पोटात पोकळ. हे मला वजनावरून कळलं. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घेतला आणि वीस मोठे नग एकेक करून तोलले. बहुतेक ४२ ग्रॅमच्या आगेमागे चिमूटभर. एक मात्र ४०.२. तो हॅकसॉनं उभा कापला, तर वरच्या टोकाखाली हरभऱ्याएवढी पोकळी. तेव्हापासून प्रत्येक नग तोलल्याशिवाय डब्यात जात नाही.

शिसं कोणतं घ्यायचं यावर थोडं जास्त बोलतो, कारण खरा फरक तिथं पडतो. भंगारवाल्याकडे जुन्या टेलिफोन केबलवरचं शिसं मिळतं. ते अगदी मऊ, नखानं ओरखडा उठतो, फरशीवर टाकलं तर धप्प आवाज. पंक्चरवाल्या भाऊंकडे चाकाच्या बॅलन्सिंगची वजनं मिळतात. त्यात अँटिमनी हा दुसरा धातू मिसळलेला असतो, म्हणून ती कडक, नख चालत नाही, आवाजही खणखणीत. त्याच साच्यात त्याचा नग ग्रॅमभर हलका बसतो. ठासणीच्या बंदुकीच्या काळात याच आकाराची गोळी याच पद्धतीच्या दोन पाखांच्या साच्यात ओतत. १८४९ ची मिनिए गोळी आत पोकळ बुडाची होती आणि तिला मऊ शिसंच लागे, कारण बार उडताना तिचं बूड फुलून नळीच्या आतल्या पिळदार खाचांत घट्ट बसायला हवं. आपल्याला फुलायचं नाही, उलट दगडावर आपटून भोक चेपायला नको. म्हणून मी दोन भाग मऊ आणि एक भाग चाकाचं असं मिश्रण धरलंय आणि त्यावर समाधानी आहे.

चाकाच्या वजनांत जस्ताची वजनं मिसळलेली असतात, ती निवडून काढा. जस्त ४१९ अंशांना वितळतं, त्यामुळे आच बेताची ठेवली तर ते वर तरंगत राहतं, झाऱ्यानं काढता येतं. एकदा का विरघळलं की सगळ्या कढईची खिचडी होते. आणि जुन्या बॅटरीचं शिसं कितीही स्वस्त मिळालं तरी हात लावू नका. त्यात आम्ल असतं, आणि तापवताना विषारी वायू निघू शकतो.

आता तक्रारी. भोक पाडणारी लोखंडी कांडी पहिल्या महिन्यातच वाकली आणि गंजली. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर नाही. शेवटी वेल्डिंगच्या ३.१५ मिमी रॉडवरचा लेप ठोकून काढला आणि सरळ कापून तोच बसवला, आजतागायत चालतोय. भोकाच्या तोंडाला पातळ धारदार पापुद्रा राहतो, तो गोल कानशीनं घासला नाही तर नायलॉन दोरी कापते. माझा मोठा मासा गेला तो असाच, काठाशी आणून. पाखं जुळवणाऱ्या खुंट्या चौथ्या महिन्यापासून ढिल्या झाल्या, तेव्हापासून नगाच्या बाजूला उभी रेघ येते. मुठी जळून काळ्या पडल्यात, पण हातमोजा असल्यावर फरक पडत नाही.

एक चूक माझी स्वतःची, आणि ती सांगायलाच हवी. मृगाचा पहिला पाऊस झाला त्या दिवशी शेडच्या कोपऱ्यातला एक तुकडा मी तसाच वितळलेल्या शिशात सोडला. तो ओला होता. आतल्या पाण्याची एका क्षणात वाफ झाली आणि कढई फुटल्यासारखी उसळली. डोळ्यांना चष्मा होता म्हणून वाचलो. कोपराखाली तीन डाग अजून आहेत. पुतण्या दारात उभा होता, "काका!" म्हणून ओरडला तो आवाज विसरत नाही. आता पावसाळाभर ओतकाम बंद, आणि एरवीही तुकडा आधी चुलीच्या कडेला कोरडा केल्याशिवाय आत जात नाही.

शिसं लेकरांच्या मेंदूला फार वाईट, थोडंही. म्हणून ओतकाम घरापासून लांब, मोकळ्या वाऱ्यात. कढई-झारा फक्त त्याच कामाचे. वरची मळी झाकणाच्या डब्यात, ती झाडून उडवायची नाही. काम झालं की साबणानं हात, आणि कपडे वेगळे धुवायला. आई विचारायची, एवढं सोवळं कशाला? तिला सगळं समजावून सांगितलं. आता पोरं शेडकडे निघाली की तीच मागं बोलावते.

लहान खाना मी फाल्गुनापासून भरत नाही. हिवाळ्यात येलदरीवर चक्रवाक आणि बदकं उतरतात. अशी पाखरं तळातले खडे गिळतात आणि खडे समजून शिशाचे दाणेही गिळतात. इंग्लंडमध्ये राजहंस असे मेले म्हणून १९८७ पासून गळासाठी २८ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या विक्रीवर बंदी आली. माझे १३ ग्रॅमचे नग त्यातच मोडतात. हलक्या वजनासाठी आता लोखंडी नट दोरीला बांधतो. फेक तितकी सरळ जात नाही, पण मासा लागतो. लहान खान्यातून काढलेले सत्तर-ऐंशी नग होते, ते दिवाळीनंतर वितळवून मोठ्या खान्यात ओतणार आहे.