जुन्या फियाटची ‘गेलेली’ हेड गॅसकेट आणि गेलेले ७२,००० रुपये

जुन्या गाडीच्या दुरुस्तीच्या नावाखाली एका गॅरेजात ७२,००० रुपये गेले. टोइंगचे ४,२०० धरले तर ७६,२००. आणि खरा बिघाड निघाला १,५१० रुपयांचा. ठिणगीच्या सर्किटमधले कंडेन्सर १८० आणि पॉइंटचा सेट २६०; पाण्याच्या बाजूचे थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा) ६५० आणि रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) ४२०. हे आकडे मुद्दाम आधीच देतोय, कारण पुढचं वाचताना ते डोक्यात असायला हवेत.

गाडी १९७० ची फियाट अकराशे डी. इंजिन १०८९ सीसी, खाली बिडाचा ब्लॉक, मध्ये दाब आणि पाणी अडवणारी हेड गॅसकेट आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. तक्रार अशी होती की सकाळी थंडीत गाडी अर्ध्या सेल्फला सुरू व्हायची. १२-१५ किलोमीटर चालली आणि सिग्नलला थांबली की पाणी उकळायचं, इंजिन अडखळून बंद पडायचं आणि मग काही केल्या सुरू व्हायचं नाही. २०-२५ मिनिटं बॉनेट उघडं ठेवलं की पुन्हा पहिल्यासारखी. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या कुणालाही ही लक्षणं पाठ असतात. गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू म्हटलं की आधी कंडेन्सर आणि कॉइल, मग पेट्रोलचं बाष्प. उकळणं म्हटलं की आधी फॅनचा पट्टा, थर्मोस्टॅट, होज, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), रेडिएटर. गॅसकेट या यादीत शेवटी येते.

ज्या गॅरेजमध्ये गाडी दिली त्या लोकांनी तीच पहिली आणली. पद्धत तुम्हाला माहीत आहेच. ‘व्हिंटेज स्पेशालिस्ट’ असा बोर्ड, भिंतीवर रॅलीचे फोटो, दारात दुसऱ्याच कुणाच्या दोन चकचकीत गाड्या, आणि ‘या गाडीला हात लावणारी माणसं आता उरली नाहीत हो’ हे वाक्य. त्यावर जास्त लिहीत नाही.

जिथे कळायला हवं होतं त्या क्षणाबद्दल मात्र लिहिणार. गाडी टोइंगवरून उतरवली तेव्हा इंजिन तापलेलंच होतं. गॅरेजवाल्याने पोतेऱ्याने रेडिएटरची कॅप उघडली, इंजिन सुरू करायला लावलं, आत उठणाऱ्या बुडबुड्यांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “बघा साहेब, गॅस पाण्यात येतोय. गॅसकेट गेली.” दहा सेकंदांत निदान! तापलेल्या पाण्यावरचा दाब कॅप उघडून एकदम काढला की पाणी उकळणारच आणि बुडबुडे येणारच. त्यात गॅसकेटचा काही संबंध नाही. हे मला माहीत होतं. वर्षानुवर्षं माहीत होतं. तरी मान डोलावली, आणि आज तेच आठवून संताप होतो.

खरी चाचणी थंड इंजिनावर करतात. रात्रभर उभी असलेली गाडी घ्या. फॅन बेल्ट काढा, म्हणजे वॉटर पंप फिरणार नाही आणि पाणी शांत राहील. रेडिएटर काठोकाठ भरा, कॅप उघडी ठेवा, इंजिन सुरू करा आणि पहिलं मिनिटभरच बघा. पाणी कोमट व्हायच्या आतच सलग बुडबुडे येत असतील तर गॅसकेटवर किंवा हेडवर संशय घ्या. एका मिनिटापेक्षा जास्त इंजिन असं चालवू नका, पंप बंद आहे. त्यानंतर कंप्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे द्यायचे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकदम खाली आले तर त्यांच्यामधली गॅसकेट जळलेली असण्याची शक्यता मोठी. एकच खाली असेल तर चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर पिस्टनच्या रिंगा, नाही गेला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. त्या गॅरेजमध्ये कंप्रेशन गेज भिंतीला टांगलेलं होतं. ते खाली काढलंच नाही. जो गेज न लावता हेड उघडायला सांगतो, त्याच्याकडून चावी परत घ्या.

पैसे असे गेले. ‘तपासणी’ २,५००, रोख. मग ३८,००० आगाऊ. त्यात गॅसकेट सेट ६,८००, हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) ४,५००, हेड काढण्या-बसवण्याची मजुरी १४,००० आणि रेडिएटरचा नवा कोअर १२,७००. अकरा दिवसांनी फोन आला, ब्लॉकला चीर आहे, ‘स्टिचिंग’ (चीर धातूच्या पिनांनी सांधणं) करावं लागेल, २२,०००. चिरेचा फोटो मागितला तर काळ्या तेलकट लोखंडाचा एक धूसर फोटो आला. तो कुठल्या इंजिनाचा आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. चीर दाखवायची तर डाय-पेनेट्रंट (चिरेत मुरणारा रंग) मारून दाखवतात, लाल रेघ स्पष्ट उमटते, फोटोतही दिसते. शेवटी ‘सेल्फचं वाइंडिंग आणि नवी कॉइल’ ९,५००. बेरीज ७२,०००.

गाडी परत दिली ती सकाळी आठ वाजता, चार किलोमीटरची ट्रायल देऊन. थंड गाडीवर! तक्रार गरम झाल्यावरची असताना. ट्रायल नेहमी दुपारी घ्या, किमान २० किलोमीटर, शेवटी पाच मिनिटं न्यूट्रलमध्ये चालू ठेवून, मग बंद करून, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करून. इंजिन बंद केल्यावर पाण्याचं फिरणं थांबतं आणि पहिल्या काही मिनिटांत कार्बोरेटरजवळची उष्णता वाढतच जाते, म्हणून खरी परीक्षा त्या दहा मिनिटांची. त्याच दुपारी गाडी पुन्हा तशीच उकळून बंद पडली.

पोतडीत घालून दिलेली ‘जुनी गॅसकेट’ घरी व्हर्नियर कॅलिपरने मोजली. अकराशेचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ६८ मिलीमीटर. गॅसकेटचं भोक त्याहून थोडंसं मोठं असतं. या गॅसकेटची भोकं ७४ च्या वर भरली. ती अँबेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाची असणार, त्याचा बोअर ७३ मिलीमीटरचा. पुढे हेडचे नट पाहिले. प्रत्येक नटाच्या आणि वॉशरच्या सांध्यावरचा जुना रंग अखंड होता, एकाही नटाच्या कोपऱ्यावर पान्याची चमक नाही. हेड उचललंच नव्हतं. रेडिएटरचा कोअरही तोच, फक्त वरून काळा रंग मारलेला. १४,००० मजुरी कशाची घेतली?

खरा बिघाड दुसऱ्या एका वयस्कर फिटरने दीड तासात काढला, आणि तो कसा काढला ते शिकून घेण्यासारखं आहे. गाडी बंद पडली त्याच जागी, गार होऊ न देता तपासली. गार झाल्यावर पुरावा निघून जातो. एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या नरड्यात बघत अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर पेट्रोलची पिचकारी आली, म्हणजे पेट्रोल पोचतंय. कॉइलची मधली वायर ब्लॉकपासून पाच-सहा मिलीमीटरवर धरली, सेल्फ मारला, तर ठिणगी बारीक आणि पिवळट. जाड, निळी, चटचट आवाज करणारी हवी. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट पाहिले तर उघडताना त्यांच्यावरच मोठी ठिणगी उडत होती आणि पृष्ठभाग निळा-काळा जळलेला. हे कंडेन्सरचं लक्षण. तो तापला की आतून गळतो, गार झाला की सावरतो. नवीन कंडेन्सर बाहेरून तात्पुरता क्लिपने जोडून बघता येतो, दोन मिनिटांचं काम.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातलं तर पॉइंटचा गॅप जेमतेम ०.२० मिलीमीटर. हवा ०.४० च्या आसपास. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते आणि गॅप मिटत जातो. गॅप मिटला की पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते, टायमिंग रिटार्ड होतं. जाळ उशिरा झाला की उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमधून आणि हेडमधून पाण्यात जाते. सुरू होण्याची अडचण आणि उकळण्याची अडचण या गाडीत अशा एकाच डबीत होत्या. रेडिएटर बदलायच्या आधी टायमिंग बघा, हे सगळ्या जुन्या फिटरांना माहीत असतं.

थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात टांगून, शेजारी थर्मामीटर धरून तापवला. ८२ अंशांपासून उघडायला हवा होता. पाणी खळखळ उकळलं तरी दोन मिलीमीटरच उघडला. आणि खालचा होज इतका मऊ की रेस दिली की पंपाच्या ओढीने चपटा व्हायचा. आतली स्प्रिंग गंजून तुटलेली. नवीन होज घेताना आत स्प्रिंग आहे का हे बोट घालून बघा.

सेल्फचं वाइंडिंगही झालेलं नव्हतं. गरम असताना सेल्फ जड फिरतो म्हणून कुणी वाइंडिंग सांगितलं तर आधी मल्टिमीटर लावा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं ब्लॉकवर, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थिंगच्या पट्टीत आहे. इथे ती पट्टी गिअरबॉक्सकडे रंगावरच बसवलेली होती. खरडून साफ केली, खर्च शून्य.

सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट पैशांची नाही. गाडीवरचा मूळ सोलेक्स कार्बोरेटर काढून तिथे झिजलेला दुसरा लावला होता. थ्रॉटलची दांडी हाताने हलवली तर खडखड वाजते. तिच्या भोवतीने हवा शिरते, पेट्रोल-हवेचं मिक्श्चर पातळ होतं आणि पातळ मिक्श्चर इंजिन आणखी तापवतं. स्लो चालू असताना दांडीच्या मुळाशी कार्ब क्लीनर फवारा, आर.पी.एम. बदलला तर हवा शिरतेय. डायनामोही बदललेला. दुरुस्ती नाही ती नाहीच, वर चोरी!

‘तुमच्यासारख्या माणसाने कसं काय?’ असं बरेच जण विचारतात. गाडी त्याआधी चार वेळा उकळली होती. बिडावर अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि चार वेळा उकळणं म्हणजे हेड वाकणं आणि गॅसकेट जाणं अगदी शक्य असतं. खोटं सांगणाऱ्याने खरं वाटेल असंच खोटं निवडलं. यात मूर्खपणा नव्हता, भरवसा होता.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ‘साहेब राउंडला आहेत’. दुसऱ्या दिवशी ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा’. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं की जुन्या भंगार गाडीवर एवढे पैसे घातलेच कशाला. पैसे यूपीआयने दिले म्हणून सायबर पोलिसांकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले तुम्ही स्वतःच पाठवलेत, मग आमचं नाही. व्हर्नियरचे फोटो, नटांचे फोटो, गॅसकेट, सगळं टेबलावर ठेवलं. कुणी हात लावून पाहिलं नाही. काम न करता कामाचे पैसे घेणं आणि ताब्यात दिलेल्या वस्तूतले भाग काढून घेणं हे दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला ३१८ आणि विश्वासघाताला ३१६ कलम आहे. गाडी विश्वासाने ताब्यात दिली, कार्बोरेटर नाहीसा झाला, यात आणखी काय सिद्ध करायचं? आरटीओत गेलो तर ‘सुटे भाग आमच्याकडे नसतात’. ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली, तिथली नोटीस ‘शटर बंद’ असा शेरा मारून परत आली. ते शटर रोज सकाळी दहाला उघडतं, हे गल्लीतल्या चहावाल्यालाही ठाऊक आहे! कायद्यात तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करा असं लिहिलंय. इथे तीन महिन्यांत तारखांशिवाय काही हाती आलं नाही.

तरीही तक्रार करा. ठाण्यात नोंद घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे पोस्टाने लेखी पाठवता येते, पोचपावती जपा. ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. हेल्पलाइन १९१५. रोख देऊ नका, आणि यूपीआयच्या नोंदीत ‘हेड गॅसकेट मजुरी’ असं स्पष्ट लिहा.

गाडी सोडण्याआधी कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनामो, सेल्फ यांचे नंबरांसकट फोटो काढा, प्रत्येकावर न दिसेल अशा जागी पंच ठोकून खूण करा, आणि जॉबकार्डवर सहीसकट लिहून घ्या. इंजिन नंबर तर तीनदा टिपा. ब्लॉकला चीर सांगून ब्लॉकच बदलला तर आरसी बुकशी नंबर जुळणार नाही. ५० वर्षांपुढच्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर गाडी मूळ स्वरूपात असावी अशी २०२१ च्या नियमांची अट आहे. पाण्याचं म्हणाल तर बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, क्षारांनी नळ्या बुजतात. तापलेल्या इंजिनात गार पाणी तर कधीच नाही, हेड खरंच जाईल.

जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, नाना पेठेत किंवा कुर्ल्याला, कुणी अकराशेचा सोलेक्स विकायला आणला तर फ्लोट चेंबरच्या झाकणाचा पंपाकडचा स्क्रू बघा. त्याचे आटे गेलेले आहेत आणि तिथे इतरांपेक्षा जाड पितळी स्क्रू बसवलेला आहे. डायनामोच्या मागच्या झाकणावर आतून तीन पंचांचा त्रिकोण आहे. दिसला तर घेऊ नका, फोटो काढा आणि विकणाऱ्याकडून बिल मागा.